अर्धा श्वास मागे

अण्णाकाकांनी तिन्ही डब्या झोपाळ्यावर शेजारी शेजारी मांडल्या आणि त्यांना हात जोडले.

"अहो, देव नाहीत ते," काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "केतकीची यंत्रं आहेत."

"गाण्याच्या कामाची आहेत ना? मग आधी नमस्कार, नंतर हात लावायचा."

"वाद्य नाही हो अण्णा," मी म्हटलं. "तुमचा आवाज माईकमधून हिच्यात जातो. ही तो लॅपटॉपला कळेल अशा भाषेत त्याला सांगते. लॅपटॉप त्यात तंबोरा मिसळतो, आणि ही ते सगळं परत तुमच्या कानात आणून सोडते."

"म्हणजे नारद म्हण की! इकडचं तिकडे, तिकडचं इकडे." अण्णाकाका खूश झाले. "मग नमस्कार बरोबरच केला मी."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण ती दुपार डोळ्यांसमोर आहे. वैशाखाची काहिली, ओसरीला लावलेला वाळ्याचा ओला पडदा, आतून येणारा उकडलेल्या कैऱ्यांचा वास. नृसिंहजयंती तोंडावर आली होती.

अण्णाकाका म्हणजे त्र्यंबकबुवा लिमये, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमच्या सातखेडात कृष्णेच्या काठी लक्ष्मीनृसिंहाचं देऊळ आहे. तिथलं जन्माचं कीर्तन पणजोबांपासून आमच्या घराकडे. मधे अण्णाकाका उभे, त्यांच्या डाव्या हाताला पेटीवर माझे बाबा, उजव्या हाताला तबल्यावर दस्तगीरचाचा. आई मी लहान असतानाच गेली, काकूनं मला वाढवलं, आणि या तिघांच्या पायाशी सतरंजीवर झोपत-जागत मी मोठी झाले. शब्द कळायच्या आधीपासून मला कीर्तनाचा वास ठाऊक आहे: बुक्का, झेंडू आणि घामानं भिजलेलं उपरणं. पुढं पुण्याला जाऊन मी लॅपटॉपवर संगीत करायला लागले, छोट्या छोट्या जागी कार्यक्रम करायला लागले, तरी सुरू करण्याआधी मनातल्या मनात नारदाच्या गादीला नमस्कार केल्याशिवाय माझा हात बटणाला लागत नसे.

आदल्या आषाढात बाबा गेले.

त्यानंतर अण्णाकाका उभे राहिले ते एकदम दासनवमीला. पेटीवर कुणी नव्हतं. "भालूच्या जागी दुसरा नको," हा त्यांचा हट्ट. कान त्यांचे आधीच मंद झाले होते, त्यातही डावा जास्त. पण इतकी वर्षं बाबांची पेटी त्या कानाला सूर पाजत होती, म्हणून ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवशी पूर्वरंगातच त्यांचा आवाज हळूहळू खाली घसरत गेला. त्यांना त्याचा पत्ताच नाही. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर तोच आनंद. लोक माना खाली घालून बसले. आपल्या माणसाचा सूर सुटलेला ऐकणं म्हणजे त्याला भर रस्त्यात ठेचकाळताना पाहणं. धावून जावंसं वाटतं आणि हलताही येत नाही.

म्हणून मी डब्या घेऊन आले होते. बेत साधा होता. अंगरख्याला छोटा माईक, डाव्या कानात मण्याएवढी गोळी, ती फेट्याखाली झाकलेली. देवळाच्या भोंग्याचा माईक वेगळा, त्याच्याशी आपला संबंध नाही. आपली डबी फक्त अण्णाकाकांच्या कानापुरती. तंबोरा आणि स्वतःचा आवाज त्यात स्वच्छ ऐकू आला, की सूर सुटायचं कारणच नाही. प्रश्न एवढाच होता की डबी कोणती. लाल माझी जुनी, चंदेरी एका मैत्रिणीकडून मागून आणलेली, आणि काळी ओळखीच्या दुकानदारानं 'वापरून बघ, नाही पटली तर परत आण' म्हणून दिलेली. मलाही माझ्या कार्यक्रमांसाठी नवी घ्यायचीच होती. खांद्यावरच्या पिशवीत मावणारी, वेगळी वीज न मागता लॅपटॉपवरच चालणारी. देवळात विजेची खाच एकच, आणि उत्सवात तीही रोषणाईवाल्याच्या ताब्यात.

डब्या मांडून होतायत तोच आबासाहेब मोहिते आले. देवस्थानचे पंच. झोपाळ्यावर जागा नाही म्हटल्यावर खुर्चीच्या कडेला टेकले आणि पन्ह्याचा पेला हातात नुसता फिरवत राहिले.

"बुवा, राग मानू नका. गावात दोन तोंडं झाल्यात. काही म्हंत्यात, यंदा सांगलीचा तो तरणा बुवा बोलवावा. तुम्ही आपलं पाटावर बसायचं, आशीर्वाद द्यायचा."

"आशीर्वाद द्यायला पाटावर कशाला बसायला हवं?" काकू म्हणाली. "फोटोतूनसुद्धा देता येतो."

"तसं न्हाई काकू…" आबासाहेबांचा चेहरा उतरला.

"बायजा, आबांना कशाला टोचतेस? त्यांचं बरोबर आहे." अण्णाकाका शांतपणे म्हणाले. "गादी नारदाची आहे, लिमयांची नव्हे. आबा, यंदा मला उभं राहू द्या. सूर सुटला तर मध्यंतरात मी स्वतः फेटा काढून तुमच्या हाती देईन. मग पुन्हा त्या गादीवर पाय ठेवणार नाही."

"आन् जन्माची वेळ?"

"सूर्य टेकेल तेव्हा खांब फुटेल."

आमच्या गावची रीतच ती. नृसिंह प्रकटला तो तिन्हीसांजेला, ना दिवसा ना रात्री. म्हणून देवळाच्या पश्चिमेच्या दारात गुरव नदीकडे तोंड करून उभा राहतो. सूर्याचा काठ पलीकडच्या टेकाडाला लागला की तो हात वर करतो, आणि त्याच क्षणी बुवांनी खांब फोडायचा, नगारा व्हायचा. सूर्य काही बुवांसाठी थांबत नाही. बुवांनीच आख्यान असं हाकायचं की गाठ पडावी.

आबासाहेब पन्हं संपवून गेले. दस्तगीरचाचा तबला घेऊन आले आणि आम्ही डब्या लावून पाहायला बसलो.

पहिली लाल. अण्णाकाकांच्या डाव्या कानात गोळी बसवली, तंबोरा लावला. त्यांनी डोळे मिटून आजोबांनी रचलेलं पद सुरू केलं:

"सांज उंबऱ्यावरी । धाव आता नरहरी…"

एक ओळ झाली आणि ते थांबले. किंचित. पुढची ओळ घेतली, पुन्हा थांबले. लय जड झाली, पाणी ओढत चालल्यासारखी.

"बुवा, बैल बसला का काय?" चाचांनी तबला थांबवला.

अण्णाकाकांनी डोळे उघडले नाहीत. चेहरा असा झाला होता की मला वाटलं, गोळी टोचतेय. मग हळूच म्हणाले, "हीच. हीच ठेव."

"अण्णा, हिच्यातच दोष आहे! माझा लॅपटॉप जुना, त्याला या डबीबरोबर दम लागतो. म्हणून तुमचा आवाज त्याच्यातून फिरून यायला उशीर होतो. तुम्ही गाऊन चुकता आणि तो मागनं कानात येतो. तुम्ही त्याच्यासाठी थांबता, म्हणून लय पडते. ती चंदेरी बघा."

चंदेरीत आवाज लॅपटॉपच्या वाटेला जातच नव्हता, डबीतूनच थेट कानात. अण्णाकाकांनी तेच पद म्हटलं. सूर तंबोऱ्यावर नेमका बसला, लय चोख. चाचांनी खुशीत तिहाई मारली. "आता कसं! घोडा सुटला."

अण्णाकाकांनी गोळी काढून हातात धरली. "चांगली आहे. पण हिच्यात मी एकटाच आहे."

मला वाटलं, तंबोरा कमी पडतोय. खरंच, त्या डबीत आवाजापुढं तंबोरा दबत होता आणि तो वर आणायची सोयही नव्हती. म्हणून काळी लावली. तिच्यावर कानासाठी एक वेगळं गोल बटण होतं.

"या खुंटीनं काय होतं?" अण्णाकाकांनी विचारलं.

"इकडं वळवली की तुमचा आत्ताचा आवाज वर, खाली तंबोरा. तिकडं वळवली की लॅपटॉपमधून येतं ते वर. तंबोरा आणि तो उशिरा येणारा आवाजही. आपण इकडंच ठेवायची." मी खुंटी वळवून ठेवली.

त्यांनी म्हणून पाहिलं. सगळं जिथल्या तिथं होतं. मी म्हटलं, "झालं! काळी पक्की."

"तुला योग्य वाटेल ती," अण्णाकाका म्हणाले आणि उठून आत गेले. चाचा माझ्याकडे बघून खांदे उडवत म्हणाले, "बुवांना आवडली न्हाई. का, ते त्यांचा नरसिंह जाणे."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्याबरोबर अण्णाकाका म्हणाले, "एकदा ती लाल लाव गं."

लावली. ओसरीवर एकटेच बसून ते कितीतरी वेळ गुणगुणत होते. एक ओळ, मग थांबणं, मग मान अगदी थोडी डावीकडे. मी दोनदा जाऊन समजावलं. त्यांनी दोन्ही वेळा "हो, हो" म्हटलं आणि गोळी काही काढली नाही. त्या डबीला कानाचं भोक एकच, त्यामुळं त्यांना काय ऐकू येतंय ते मला कधी ऐकता आलं नाही. पडद्यावर नुसत्या हिरव्या पट्ट्या नाचताना दिसायच्या.

उत्सवाच्या आदल्या संध्याकाळी देवळात तालीम ठेवली. अण्णाकाका लाल डबीवरच अडून बसले. मी म्हटलं, एकदा होऊन जाऊ दे, त्यांचं त्यांनाच कळेल. आणि कळलंच. पश्चिमेच्या दारातून पाहता पाहता सूर्य टेकाडामागं उतरला.

"सूर्य बुडाला बुवा," चाचा म्हणाले, "आन् आपला प्रल्हाद अजून कड्यावरनं ढकलायचाच र्‍हायलाय."

माझा तोल गेला. "अण्णा, प्रत्येक ओळीला कुणासाठी थांबता तुम्ही? तो तुमचाच आवाज आहे! दुसरं कुणी नाही तिथं!"

सभामंडपात घुमलं ते. अण्णाकाका रागावले नाहीत.

"ठाऊक आहे गं मला," ते म्हणाले.

मग त्यांनी कानातली गोळी काढली, तिची तार पंज्याभोवती नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "उद्या काळी लाव. गादीचा मान आधी."

घरी आल्यावर काकू त्यांचा अंगरखा घेऊन माझ्याजवळ बसली. तार आतून नेता यावी म्हणून खांद्यापासून कमरेपर्यंत बारीक बारीक फासे शिवत होती. मी तिला तार धरून देत होते.

"आज देवळात ओरडलीस म्हणे."

"चाचांनी चहाडी केली?"

"त्याला चहाडी लागत नाही, भिंतीपलीकडं ऐकू येतं तुझं." काकूनं दोरा दातानं तोडला. "भालूभाऊजींवर पण असेच ओरडायचे हे. उशिरावरून. भाऊजी जन्मजात उशिराचे. आमच्या लग्नात मंगलाष्टकं उरकत आली आणि करवला नदीवर पोहतोय! कीर्तनात हे ओळ टाकायचे आणि भाऊजींनी पेटीवरून गाऊन ती उचलायची, तर तेही मागनंच. तुम्हाला समोर बसून कळायचं नाही, मी मागं बसायची म्हणून मला कळायचं. फार व्हायला लागलं की हे असा हात करायचे." काकूनं डावा तळवा कमरेजवळ उघडा करून दाखवला: पुरे, आता आवर. "आणि घरी आल्यावर भांडण. 'भालू, गळा वेळेवर आणत जा.' भाऊजी हसत म्हणायचे, 'अण्णा, तू पुढं गेल्यावरच तर मला वाट दिसते.'"

मी हसले. बाबांचा तो हसण्याचा सूर काकूनं नेमका काढला होता. मग तारेचं टोक फाशात अडकलं आणि आम्ही दोघी ते सोडवण्यात गुंतलो.

जयंतीच्या दिवशी उन्हं कलल्यावर सभामंडप भरला. देवाला चंदनाची उटी लावलेली, त्या गारव्याचा वास सगळीकडे. बाबांची जागा मोकळी ठेवून मी तिच्या मागं पाटावर लॅपटॉप आणि काळी डबी मांडून बसले. अण्णाकाकांनी गादीला नमस्कार केला, फेट्याखाली गोळी चाचपली, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि नमन सुरू केलं.

सूर लागला. काय सांगू, असा लागला की पहिल्या आलापालाच बायकांच्या बाजूनं कुणीतरी "अगं बाई!" म्हटलं. पूर्वरंगात त्यांनी भक्ताची हाक आणि देवाचा कान हा विषय घेतला. एकदाही आवाज घसरला नाही. आबासाहेब सुरुवातीला गुडघे आवळून बसले होते, ते हळूहळू मांडी घालून बसले. मी हिरव्या पट्ट्यांकडे पाहत देवाला म्हणत होते, असंच राहू दे, एवढंच.

मध्यंतराला भजन सुरू झालं. आबासाहेबांनी बुवांना हार घातला, बुक्का लावला. फेटा काही कुणी मागितला नाही आणि कुणी दिला नाही. मग चाचांना हार झाला. ताटात आणखी एक हार उरला, पेटीवाल्याचा. रीतीनं आणला होता, घालायचा कुणाला ते कुणी ठरवलं नव्हतं.

"ताईंना घालू?" आबासाहेबांनी विचारलं.

मी नको म्हणून हात हलवला. अण्णाकाकांनी तो हार स्वतः घेतला, वाकले, आणि सतरंजीवर पेटी असायची तिथं मोकळ्या जागी ठेवला. मग बुक्क्याचं बोट जमिनीला टेकवलं आणि उत्तररंगाला उभे राहिले.

आख्यान नेहमीचं. वराहानं हिरण्याक्षाला मारलं, आणि त्याचा थोरला भाऊ हिरण्यकश्यपू पेटून उठला. दरवर्षी अण्णाकाका हे दोन वाक्यांत उरकत आणि डरकाळी फोडून पुढं जात. राक्षसाच्या दुःखाला कशाला वेळ द्यायचा, म्हणत.

त्या दिवशी ते तिथं थांबले.

"मंडळी," ते म्हणाले, "इतकी वर्षं या जागी मी हिरण्यकश्यपूला ओरडायला लावलं. माझं चुकलं. ओरडला तो नंतर. आधी तो रडला असणार हो. राक्षस झाला म्हणून काय झालं? पाठचा भाऊ होता तो. लहानपणापासून ज्याच्या पावलांचा आवाज मागं मागं असायचा, तो आवाज थांबला. हा चालतोय, आणि मागं काही वाजत नाही. वळून बघतो, तर कुणी नाही."

अण्णाकाकांनी आजोबांचंच एक पद उचललं. मी ते घरी ऐकलं होतं, कीर्तनात कधीच नाही.

"पाठीचा गेला रे । पाठ उघडी पडली…"

ओळ संपली, आणि ते थांबले.

कानात उशिराचा आवाज नव्हता, खुंटी मी घट्ट इकडं वळवून ठेवलेली. तरी ते थांबले. मान किंचित डावीकडे, त्या हाराच्या दिशेनं. पुन्हा ओळ म्हटली, पुन्हा थांबले. आणि मला लख्ख दिसलं. हे लय पाडणं नव्हतं. हा माणूस वाट पाहत होता. लाल डबीत जे मागून यायचं त्याची. अण्णाकाका आणि बाबा, दोघा भावांचे आवाज इतके सारखे होते की फोनवर काकूसुद्धा फसायची. 'हिच्यात मी एकटाच आहे.' 'ठाऊक आहे गं मला.'

पश्चिमेच्या दारात गुरव डोळ्यांवर हात धरून उभा होता. त्याच्या खांद्यावरून ऊन तिरपं, तांबूस आत आलं होतं. लय पडली तर गाठ चुकणार, आणि मग आबासाहेबांपुढं तोंड राहणार नव्हतं. हे सगळं मला कळत होतं. तरी माझा हात खुंटीकडे गेला आणि मी ती हळूच तिकडं वळवली.

"पाठीचा गेला रे…"

ओळ संपली. मग अण्णाकाकांचे खांदे खाली आले. मोठं ओझं उतरवून ठेवल्यावर येतात तसे. त्यांनी पुढची ओळ घेतली, आणि आवाजात असं काही आलं की चाचांनी ठेका सोडून नुसत्या बोटांनी तबला कुरवाळायला सुरुवात केली. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. ओळी म्हणून मधे थांबणारा तो आवाज आता कुणाला जड वाटत नव्हता. त्या मोकळ्या जागेत प्रत्येकाला आपलं कुणीतरी ऐकू येत असावं.

गुरवानं मागं वळून पाहिलं. बुवा अजून रडणाऱ्या राक्षसापाशीच. आबासाहेब पुन्हा गुडघे आवळून बसले. खुंटी परत फिरवू? मधेच तोडू? बोट तिच्यावर ठेवून मी अण्णाकाकांकडे पाहिलं.

त्यांचे डोळे मिटलेलेच होते. डावा हात मात्र कमरेजवळ आला आणि तळवा उघडा झाला. पुरे. आता आवर.

मी खुंटी फिरवली.

आणि हिरण्यकश्यपूनं डरकाळी फोडली! घोडा सुटला म्हणतात तो तेव्हा. कडा, हत्ती, अग्नी, एकेक संकट प्रल्हादावरून वाऱ्यासारखं गेलं. चाचांची बोटं दिसेनात. "कुठं आहे तुझा देव?" "सर्वत्र." "या खांबात आहे?" गुरवाचा हात वर गेला. "आहे!" म्हणून अण्णाकाकांनी पाय आपटला, नगारा कडाडला, फुलं उधळली गेली, सगळा मंडप "नृसिंह भगवान की जय" म्हणत उभा राहिला, आणि शेवटचं ऊन देवाच्या चंदनी चेहऱ्यावरून उतरून उंबऱ्यावर येऊन विझलं.

आरती झाली, प्रसाद झाला, दिवेलागणीला माणसं पांगली. आबासाहेबांनी येऊन अण्णाकाकांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पुढच्या सालच्या कीर्तनाची सुपारी त्यांच्या ओंजळीत घातली.

"राक्षसासाठी रडवलंत बुवा," ते म्हणाले. मग उपरण्यानं नाक पुसत गेले.

मी तारा गुंडाळायला घेतल्या.

"थांब, एवढ्यात आवरू नकोस," अण्णाकाका म्हणाले. फेटा उतरवून त्यांनी कानातली गोळी काढली, उपरण्याच्या टोकानं स्वच्छ पुसली आणि माझ्यापुढं धरली. "या डबीलाही भोक एकच आहे ना? मी इतके दिवस एकट्यानं ऐकलं. आता तू ऐक. मघाशी होती तिथं फिरव ती खुंटी."

मी गोळी डाव्या कानात घातली. खुंटी फिरवली. तंबोरा आला. अण्णाकाका आपल्या जागेवर, त्या हाराच्या शेजारी उभे राहिले आणि हलक्या आवाजात त्यांनी ओळ घेतली:

"सांज उंबऱ्यावरी…"

उजव्या कानाला समोरून अण्णाकाका. आणि डाव्या कानात, अर्धा श्वास मागे, पुढच्याची वाट दिसल्यावरच पाऊल टाकावं तसा, बाबांचा गळा.

अण्णाकाका थांबले.

"आला?"

मी मान हलवली.

"उशिराच ना?"

"उशिराच," मी म्हटलं.

"तो काही सुधारायचा नाही," अण्णाकाका म्हणाले, आणि त्यांनी पुढची ओळ घेतली.